पायावर पाय

अब्बा चेहरे काढत नसत. नांदेडला इतवाऱ्याच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन घरांच्या भिंतींमधली बोळ आणि वर पत्रा. पण ‘रशीद पेंटर’ म्हटलं की रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत कुणीही बोट दाखवून पत्ता सांगायचं. मराठी, उर्दू, इंग्रजी, गुरुमुखी, गिऱ्हाईक म्हणेल त्या लिपीत ते पाटी रंगवून द्यायचे. फुलं, वेली, कमानी, कपबशी, सायकल, शिलाई मशीन, सगळं काढायचे. माणसाचं किंवा जनावराचं तोंड मात्र नाही. न्हाव्याच्या पाटीवर सगळीकडे दाढी केलेला एक देखणा माणूस असतो. अब्बांच्या पाटीवर रिकामी खुर्ची, कात्री आणि रिकामा आरसा असायचा. एका दूधवाल्याला म्हैस हवी होती. अब्बांनी ती पाठमोरी काढली. शेपटी, कास, मागचे चिखलात भरलेले पाय, सगळं इतकं हुबेहूब की जाणारे-येणारे थांबून बघायचे. दूधवाला म्हणाला, “रशीदभाई, म्हशीचं तोंड कुठाय?” अब्बा म्हणाले, “तोंड चरायला गेलंय. दूध कुठल्या बाजूनं येतं ते सांग.” दूधवाला हसत हसत पाटी घेऊन गेला.

हा आमच्या गल्लीचा किंवा बिरादरीचा नियम होता असं कुणी समजू नये. माझे सख्खे मामू सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. नट्यांचे गाल रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ईदला जेवायला आले की ते अब्बांना चिडवायचे, “दुल्हाभाई, तुमच्या हातची हिरॉईन पाठमोरीच यायची. तिकीट कोण काढणार?” अब्बा हसून त्यांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढायचे. त्यांच्या लहानपणी कुणीतरी मनात घातलं होतं की कयामतच्या दिवशी तस्वीर काढणाऱ्याला उभं करून विचारतील, काढलीस ना, आता हिच्यात जान डाल. दुसऱ्या कुणी ते ऐकून सोडून दिलं असतं. अब्बांनी सोडलं नाही. मी मराठी शाळेत शिकलो, पुढे चित्रकलेचा डिप्लोमा केला, धडाधड चेहरे काढायला लागलो, तेव्हा त्यांनी मला अडवलं नाही. एवढंच म्हणाले, “तेरा हाथ, तेरा हिसाब.”

आमच्या घराला तारपीनचा वास होता. अम्मी अब्बांचे कपडे वेगळे धुवायची आणि रंगाची चिंधी चुलीच्या खोलीत आलेली तिला खपायची नाही. सकाळी गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन भोंग्यावरून यायचं, त्याच्या आगेमागे अजान, मग समोरच्या कल्हईवाल्याचा भाता. न्याहारीला पिवळी खिचडी आणि चिंच-तिळाचा खट्टा. वर भाजलेला पापड. अब्बा पापड खिचडीत चुरायचे नाहीत, वेगळा खायचे, सावकाश, आवाज करत, आणि खाताना त्या दिवशीची अक्षरं बोटाने मांडीवर गिरवत असायचे. मी त्या वयात या सगळ्याची लाज बाळगायचो. डिप्लोमाच्या वर्गात आम्ही रंगसंगती, अवकाश, प्रतीक असे शब्द शिकलो होतो आणि माझा बाप पाठमोऱ्या म्हशी काढत होता. आज खिचडी होते, खट्टाही होतो, पण पापडाचा तो आवाज काही मला काढता येत नाही. दात राहिले नाहीत हेही कारण असेल.

मला शाळेत नोकरी मिळेना. लातूरला तेव्हा क्लासेसचं पेव फुटायला लागलं होतं. चाकूर, अहमदपूर, उदगीर, कुठकुठली पोरं ट्रंका घेऊन यायची आणि एकेका खोलीत चार-चार राहायची. त्यातल्या एका क्लासमध्ये मी चिकटलो. जीवशास्त्राच्या आकृत्या फळ्यावर काढून द्यायच्या, बेडूक, हृदय, झुरळाचं तोंड, आणि निकाल लागला की पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे मोठ्या बोर्डावर रंगवायचे. क्लासच्या सरांचं नाव लिहीत नाही. ते गेले, आणि माणूस वाईट नव्हता. मला पक्कं केलेलं नव्हतं. “बघू पुढच्या वर्षी,” असं ते दरवर्षी म्हणायचे. रविवारी मी एसटीने नांदेडला घरी यायचो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत.

भूकंपाच्या पहाटे मी घरी होतो. आमच्याकडे ताटाळ्यातली भांडी वाजली, एवढंच. अम्मीला वाटलं मांजर आहे. ती “हड्” म्हणाली आणि कुशीवर वळली. काय झालं ते दुपारी रेडिओवरून कळायला लागलं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होऊन माणसं दमून झोपली होती आणि दगडमातीची घरं त्यांच्यावर बसली, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ते मी पुन्हा सांगत नाही.

पुढे तिकडे पत्र्यांच्या शेडांची गावं उभी राहिली. प्रत्येक शेडला नंबर हवा, पाण्याच्या टाकीवर देणाऱ्याचं नाव हवं, दवाखान्याला पाटी हवी. एवढी अक्षरं लिहायला पेंटर लागतात, हे आधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कुणाच्या तरी ओळखीने अब्बांना बोलावणं आलं. दिवाळीची सुट्टी होती म्हणून मीही हाताखाली गेलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, औश्याच्या पलीकडचं होतं. शेडांच्या रांगा, मध्ये काळी माती, पत्रे उन्हात तडतडायचे. जुन्या गावाच्या जागी दगडांचे ढीग होते आणि तिकडे कुणी बघायचं नाही. माणसं बोलायची ती पाण्याबद्दल, रॉकेलबद्दल, ज्वारीच्या पेरणीबद्दल.

सुभद्राबाई तिथे भेटल्या. त्यांच्या शेडवर आम्ही नंबर टाकत होतो. पाय प्लास्टरमधून नुकताच सुटलेला, काठीवर भार देऊन दारात उभ्या. नवरा आधीच वारलेला होता. एक मुलगी होती, संगीता, दहा-अकराची, ती भूकंपात गेली. अब्बांचा ब्रश बघत बाईंनी विचारलं, “मामू, आकडं झक्कास काढताव. मान्सं काढताव का?”

अब्बा म्हणाले, “नहीं बाई. अक्षरंच.”

“माझ्या संगूचं तोंड काढून द्या की. फोटू न्हाई हो एक बी. शाळंत काढनार हुते, त्या दिशी पोरगी गेलीच न्हाई.”

अब्बांनी ब्रश तारपीनमध्ये बुडवला आणि पुढच्या शेडकडे गेले. मी बाईंना म्हटलं, मी काढून देतो. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमी लई भराभरा काढताव, मास्तर. मगा बघितलं न्हवं का, डाक्टरीणबाईचं काढलेलं. कुनाचं बी वाटतंय.” मला राग आला, पण खरं होतं.

त्या रोज यायच्या. ताकाचं भगुणं घेऊन यायच्या आणि अब्बांजवळ बसून पोरीबद्दल बोलायच्या. मागायच्या काही नाहीत. भुवया जुळलेल्या होत्या. डाव्या कानाची पाळी फाटलेली, लहानपणी डूल अडकून. बोलताना खालचा ओठ आत घ्यायची. आणि उभी राहिली की एका पायावर दुसरा पाय ठेवून, बगळ्यासारखी. “कितींदा म्हनलं, नीट हुबं ऱ्हा गं, पडशीला. तर न्हाई. पायावर पाय.” बाईंनी तिला शेवटचं पाहिलंही नव्हतं. त्या बेशुद्ध होत्या, त्यांना दवाखान्यात हलवलं आणि इकडे गावात सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला. त्यांना नंतर लोकांनी सांगितलं, एवढंच. त्या दिवसांत अशाही वावड्या होत्या की वाचलेली काही पोरं संस्थांनी परगावी वसतिगृहांत नेली आहेत. सुभद्राबाई त्याबद्दल काही बोलायच्या नाहीत. पण कुणी ती गोष्ट काढली की हातातलं काम थांबायचं.

आमचं काम संपत आलं तेव्हा एका दुपारी अब्बांनी चुलीतला कोळसा मागितला आणि टाकीला आणलेल्या एका कोऱ्या पत्र्यावर रेघा मारायला लागले. मी त्यांना चेहरा काढताना कधी पाहिलं नव्हतं. बाई शेजारी बसल्या. “नाक इतकं न्हाई… हां, आता… हनुवटी बारीक…” अब्बा तळव्याने पुसायचे, पुन्हा काढायचे. चहा झाला, उन्हं उतरली. मग एकदम बाई बोलायच्या थांबल्या. मी वाकून पाहिलं. ती मुलगी मी कधी पाहिलेली नव्हती, तरी ती दुसऱ्या कुणाची असणं शक्य नाही असं वाटत होतं. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. अब्बांनी त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ओल्या फडक्याने सगळा पत्रा पुसून टाकला.

“मामू!”

“रो मत, बाई. याद हुई अब.” मग त्यांच्या मराठीत, “एकदाच काढीन. पक्की काढीन, रंगात. तुला येऊन बघता येईल अशा ठिकाणी.”

असं ठिकाण कुठे मिळणार होतं मला कळेना. पण मिळालं. आमच्या सरांनी नवीन इमारत बांधली. खाली मोठा हॉल. भूकंपाच्या गावांतल्या कितीतरी मुलांना त्यांनी ठेवून घेतलं होतं आणि हॉलमध्ये भूकंपावर एखादं मोठं चित्र असावं असं त्यांच्या मनात होतं. मला म्हणाले, “तू काढ. फक्त रडकं नको.” मी रविवारी घरी हे सांगितलं. अब्बा पापड खात होते. खाऊन झाल्यावर म्हणाले, “मैं बनाता.”

दुकानाला पडदा लावून त्यांनी प्लायवर ते चित्र केलं. खट्टा वाढताना अम्मीने एकदा विचारलं, “चेहरा बनाए क्या?” अब्बा म्हणाले, “हौ.” अम्मीने पळी खट्ट्यात ठेवली. मग म्हणाली, “अच्छी दिखती?” “उसकी माँ को दिखना. मेरेकू क्या करना.” त्या महिन्यात ते नमाजनंतर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायचे.

चित्र असं होतं. पुढे दगड, तुटलेल्या तुळया, एक उलटी पडलेली परात. मध्यभागी माणसांची गर्दी, सगळी पाठमोरी. पाठीवरूनच ओळखावीत अशी माणसं, एकाची बंडी फाटलेली, एका म्हातारीचा खांदा उतरलेला, एका बाईच्या काखेत काठी. त्यांच्या पलीकडे आडवा पिवळा-केशरी उजेड, वर काळं आभाळ. आणि त्या पाठमोऱ्या गर्दीत, अगदी मध्ये, एक मुलगी आपल्याकडे तोंड करून उभी. भुवया जुळलेल्या, खालचा ओठ किंचित आत. एका पायावर दुसरा पाय. कुणी ओरडत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. बघणाऱ्याला आधी वाटायचं चित्र शांत आहे. मग काही वेळाने तिथून हलावंसं वाटायचं आणि हलता यायचं नाही.

हॉलच्या उद्घाटनासाठी दोन दिवस आधी निघालो, तेव्हा अब्बा आणि मी एकाच एसटीत होतो. सर म्हणाले होते, चित्राबद्दल दोन शब्द पेंटरसाहेबांनी बोलावेत. अब्बा म्हणाले, मेरेकू नक्को, तू बोल. अहमदपूरला गाडी थांबली, आम्ही भजी घेतली, आणि गाडी सुटल्यावर तेलकट कागदाची घडी घालत त्यांनी मला सांगितलं, “जिसका मुँह दिखता ना, वो नहीं रही. जो रह गए, वो उधर आग को देख रे. उनकू अपनी तरफ देखनेकी फुरसत नहीं. वो अकेली अपन लोगांकू देखती. बस. इत्ताच बोल.” मी बरं म्हटलं. चाकूर येईपर्यंत ते झोपले होते.

हे वाक्य मी आज जसंच्या तसं लिहू शकतो, तेव्हाही बोलू शकलो असतो. ऐकण्यात काही चूक झाली नव्हती. पुढे मी लोकांना सांगत आलो की चित्र ज्याला जसं दिसेल तसं, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. वर्गात मुलांना तसं शिकवलंही. ते खरं आहे, पण माझ्या बाबतीत ती पळवाट होती. मला अर्थ वेगळा दिसला नव्हता. मला तो ठाऊक होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अब्बांनी लातूरहून गावी जाऊन सुभद्राबाईंना आणलं. पहिल्या रांगेत त्या धुतलेलं लुगडं नेसून बसल्या होत्या. पडदा अजून उघडला नव्हता. मागे सरांनी मला बाजूला घेतलं. “हे बघ, तू चित्र बघितलंयस. मी सकाळी बघून सुन्न झालो. पोरांच्या परीक्षा तोंडावर आहेत, निम्मी पोरं त्याच गावांची. थोडी उभारी येईल असं बोल. तू बोलतोस चांगलं.” आणि खांद्यावर हात ठेवून, “जूनपासून तुला पक्कं करायचं म्हणतोय.” यात लाच नव्हती. ते खरोखरच मुलांची काळजी करत होते. म्हणूनच मला नाही म्हणायला कारण सापडलं नाही, आणि मी शोधलंही नाही.

पडदा बाजूला झाला. मी माईकसमोर उभा राहिलो आणि डिप्लोमाच्या वर्गातले सगळे शब्द धावून आले. म्हणालो, हे पाठमोरे म्हणजे आपल्याला सोडून गेलेले आपले लोक. ते प्रकाशात विलीन होत आहेत. तो प्रकाश म्हणजे उगवता सूर्य. आणि या सगळ्यांतून एक मुलगी आपल्याकडे वळली आहे. ती भूतकाळाकडे पाठ करून उभी आहे. तिचं पाऊल बघा, उचललेलं आहे. ते पुढे पडणार आहे. ती म्हणजे तुम्ही. टाळ्या सुरू झाल्या. मी अब्बांकडे बघितलं नाही.

टाळ्या थांबल्यावर मागून एक मुलगा उभा राहिला. आवाजावरून तिकडचाच. “सर, ती पोरगी वाचली का?”

हॉलमधली सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “हो. वाचली.”

कार्यक्रम संपला, पेढे वाटले गेले. सुभद्राबाई काठी टेकत चित्राजवळ गेल्या. किती वेळ उभ्या होत्या सांगता येत नाही. मी सरांच्या पाहुण्यांशी बोलत होतो. मग त्या माझ्याकडे आल्या. डोळे कोरडे होते. चेहऱ्यावर जे होतं ते मी तोपर्यंत कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नव्हतं, आणि मी चेहरे काढणारा माणूस.

“मास्तर, कुनाच्या घरी हाय ती?”

“कोण?”

“संगू. वाचली म्हनलाव न्हवं. कुठल्या गावी ठिवलीय?”

मी म्हणालो, “बाई, ते मी चित्रापुरतं बोललो.”

“चित्रापुरतं म्हंजी?”

मी आजूबाजूला बघितलं. सर जवळच उभे होते, पाहुणे होते. अब्बा मधे आले. त्यांनी बाईंच्या काठीवरच्या हातावर हात ठेवला. परक्या बाईच्या हाताला हात लावताना मी त्यांना आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. म्हणाले, “बाई, माझा पोरगा खोटं बोलला. ती नाही. तुला ठावं आहे, ती नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “मामू, तुमी मायाळू हाव, म्हनून बोलताव. त्यो शिकलेला हाय. शंभर पोरांफुडं उगं कशाला बोलंल?”

सुभद्राबाई मुलीला शोधायला निघाल्या. गावातल्या कुणीतरी सांगितलं किनवटकडे एका वसतिगृहात भूकंपातली मुलं ठेवली आहेत. त्या नांदेडला आमच्या घरी आल्या, पिशवीत मुलीच्या मापाचा एक नवा फ्रॉक घेऊन. अम्मीने त्यांना खिचडी वाढली. ती त्यांनी खाल्ली नाही. भाकरी दिली ती खाल्ली. अब्बांनी पुन्हा समजावलं. मग उठले, टोपी घातली आणि त्यांच्याबरोबर किनवटच्या गाडीत बसले. जंगलातल्या त्या वसतिगृहात मुली होत्या, पण सगळ्या आसपासच्या तांड्यांवरच्या. अब्बांनी बाईंना दोन-तीन ठिकाणी आणखी नेलं. एकदा माहूरलाही, तिथल्या देवीच्या पायऱ्यांवर फुलं विकणारी एक मुलगी तशी दिसते असं कुणी म्हणालं होतं. बाई गडावर चढल्या, दुखऱ्या पायाने. अब्बा खाली बसून राहिले. ती मुलगी दुसऱ्याच कुणाची होती आणि तिची आई शेजारीच हार गुंफत होती. बाईंनी तिच्याकडून वेणी घेतली आणि फ्रॉक तिलाच देऊन आल्या. त्यानंतर त्या शोधायच्या थांबल्या.

हे सगळं मला अम्मीने सांगितलं. मी एकदाही बरोबर गेलो नाही. मी लातूरला पक्का झालो होतो. सरांनी माझं भाषण थोडं आवरून पितळी पाटीवर कोरून चित्राखाली लावलं होतं.

अब्बांनी मला कधी सुनावलं नाही. किनवटहून आल्यानंतरच्या रविवारी मी ताटावर बसलो होतो, तेव्हा पापड मोडत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “चेहरा मैंने बनाया, उसका जवाब मेरेकू देना है. तय्यारी है मेरी. पर जान तूने डाली.” आणि बोटाने मांडीवर कुठलंसं अक्षर गिरवत राहिले. पुढे दहा-बारा वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या. चेहरा पुन्हा काढला नाही.

सुभद्राबाई गणपती विसर्जनानंतर हॉलमध्ये यायच्या, उभ्या राहायच्या, जायच्या. मी वर्गात असलो तर वर्गातच थांबायचो. एका वर्षी त्या आल्या नाहीत, आणि नंतरही आल्या नाहीत. त्यांची क्षमा मी मागितली नाही. मागायची संधी मिळाली नाही असं लिहिणार होतो, पण दरवर्षी मिळत होती.

आता क्लास पाच मजली आहे. सरांचा मुलगा चालवतो. पाटीवरचे शब्द मुलांना पाठ आहेत. आणि मी जे पेरलं त्याला एक वेगळंच पीक आलं. परीक्षेला जाताना मुलं त्या मुलीच्या पावलाला हात लावतात. वरच्या पावलाला, उचललेल्या. कुणी सुरू केलं माहीत नाही. इतकी वर्षं इतक्या बोटांनी ते पाऊल पार झिजलं, खालचं लाकूड दिसायला लागलं. लांबून बघितलं तर मुलीला एकच पाय आहे असं वाटायचं. गेल्या महिन्यात सरांच्या मुलाचा फोन आला. “काका, पाऊल तेवढं नीट करून द्याल? तुमच्या वडिलांचं काम आहे, दुसऱ्या कुणाला कसं सांगू? आणि जरा पुढे टाकल्यासारखं घेता आलं तर बघा.”

अब्बांचे दोन ब्रश मी ठेवले आहेत. ते घेऊन गेलो. स्टुलावर बसून आधी पाटीचे चार स्क्रू काढले आणि पाटी भिंतीला उलटी टेकवून ठेवली. मग पावलाला लागलो. भराभरा नाही, सावकाश काढलं. टाच, घोटा, खालच्या पावलावर टेकलेली बोटं. संध्याकाळच्या बॅचची एक मुलगी मागे येऊन उभी राहिली. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली.

“काका, पाऊल पुढे नाही घेतलं?”

“नाही. ती अशीच उभी राहायची. पायावर पाय ठेवून.”

“राहायची म्हणजे?”

“भूकंपात गेली ती. दहा-अकरा वर्षांची होती. हे पाठमोरे आहेत ना, ते वाचलेले. आणि तो सूर्य नाही. चिता आहे. ही बाई काठी घेऊन उभी आहे ती तिची आई. आई तेव्हा तिथे नव्हती, दवाखान्यात होती. माझ्या वडिलांनी तिला तिथे उभं केलं.”

हे शेवटचं मलाही तोपर्यंत सुचलं नव्हतं. इतकी वर्षं ती काखेतली काठी मी बघत होतो.

मुलीने पाठमोऱ्या माणसांवरून नजर पावलावर आणली. “मग आम्ही तिच्या पायाला हात कशाला लावत होतो?”

“माझ्यामुळे.”

तिला ते कळलं नसावं. तिने विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

“संगीता. घरात संगू म्हणायचे.”

तिने हात पुढे केला, मग रंग ओला आहे हे बघून मागे घेतला, आणि नकळत तिनेही एका पायावर दुसरा पाय ठेवला. मी ब्रश पुसायला घेतले. सरांचा मुलगा वरून खाली येत होता आणि त्याला पाटीबद्दल काय सांगायचं ते मला ठाऊक होतं, आणि या वेळी मी तेच सांगणार होतो.